आधी वही, मग बँक, मग धंदा: सांगली जिल्ह्यातल्या बचत गटांसाठी टप्प्याटप्प्याने

गट काढला की दुसऱ्या बैठकीलाच विचारणा सुरू होते, "लोन कधी मिळणार?" जत असो नाहीतर पलूस, प्रश्न तोच. मी गटांच्या वह्या तपासते. अडकलेल्या गटांत एक गोष्ट हमखास दिसते: कामं सगळी केलेली असतात, पण उलट्या क्रमाने. आधी कर्ज उचललेलं, मग त्यातून काय करायचं याचा विचार, मग माल विकणार कुठे याची काळजी, आणि हप्ता थकल्यावर वहीची शोधाशोध. म्हणून इथे क्रमावरच भर दिला आहे.

लेख उमेद अभियानाखालच्या (गावातल्या बचत गटांसाठीचं राज्याचं अभियान) ग्रामीण गटांना धरून आहे. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटांत सीआरपीच्या जागी सहयोगिनी असते आणि प्रभागसंघाच्या जागी लोकसंचालित साधन केंद्र (सीआरपी, प्रभागसंघ म्हणजे काय ते खालच्या यादीत आहे), पण बाकीचा बराचसा मार्ग तोच. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांचा कारभार शहरी अभियानाकडे असतो, त्यांनी चौकशी महापालिकेत करावी. वहीचे आणि हिशेबाचे टप्पे त्यांनाही जसेच्या तसे लागू पडतात.

## सुरुवातीआधी: कुठलं काम कुणाकडे

- सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती): गावातलीच बाई. गट बांधणं, बैठक घेणं, वही लिहायला शिकवणं.
- ग्रामसंघ: गावातल्या गटांचा संघ. गटांना निधी इथून मिळतो, गटातली भांडणंही इथेच मिटवायची.
- प्रभागसंघ: अनेक ग्रामसंघांचा मिळून.
- तालुका अभियान व्यवस्थापन कक्ष: पंचायत समितीत. बँकेची प्रकरणं, प्रशिक्षणाची नावं, अडलेला निधी.
- बँक सखी: शाखेत गटांचे कागद बघणारी. बहुतेक अडचणी हिच्यापाशीच सुटतात.

जिल्ह्याचा कक्ष सांगलीत आहे, पण थेट तिथे जाऊन वेळ आणि एसटीचं भाडं घालवू नका. तिथून पुन्हा तालुक्यालाच पाठवतात.

सावध: "लखपती दीदी" म्हणजे खात्यात एक लाख जमा होणं नव्हे. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या वर जावं आणि तिथे टिकावं, असं ते उद्दिष्ट आहे. त्या नावाने फॉर्मचे दोनशे-पाचशे रुपये कुणी मागत असेल तर देऊ नका. गटात येण्यासाठी कुठलीही फी नसते.

## टप्पा १: घरच्या देण्यांची यादी

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. गटात यायच्या आधी प्रत्येकीने आपल्या घरावरचं सगळं देणं कागदावर उतरवायचं: सोसायटीचं पीककर्ज, फायनान्सचा आठवड्याचा हप्ता, सोनेतारण, सावकाराचे, किराणा दुकानाची उधारी, मुकादमाची उचल. प्रत्येक देण्यापुढे पाच गोष्टी लिहा: मूळ रक्कम किती, व्याज महिन्याचं की वर्षाचं, हप्ता किती आणि कधी, कर्ज कुणाच्या नावावर, तारण काय.

"महिन्याचं की वर्षाचं" हे मुद्दाम विचारायचं. आपल्याकडे "पाच टक्क्यानं घेतलं" म्हणतात तेव्हा ते महिन्याचं असतं. वर्षाचे झाले साठ टक्के. समजा सावकाराकडून वीस हजार घेतले, तर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज जातं. वर्षाला बारा हजार गेले आणि मुद्दल वीस हजार जागेवरच. तेच वीस हजार बँकेच्या सात टक्क्यांनी घेतले तर वर्षाचं व्याज फार तर चौदाशे. हा फरक बाईने स्वतःच्या हाताने कागदावर मांडला की पुढची निम्मी चर्चा सोपी होते.

यादी करताना बायका गप्प बसतात, विशेषतः नवऱ्याने परस्पर घेतलेल्या पैशांबद्दल. चारचौघींत विचारू नका. सीआरपीने घरी जाऊन, शेजारी बसून विचारावं. "मावशी, नाव नका सांगू, आकडा तेवढा सांगा," एवढं म्हटलं तरी पुरतं.

पडताळा: महिन्याचे सगळे हप्ते एकत्र मांडा. ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जात असतील तर नव्या कर्जाचा विषय थांबवा. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांना हीच निम्म्याची मर्यादा घालून दिली आहे.

## टप्पा २: गटात कोण कोण

दहा ते वीस जणी, एकाच वस्तीतल्या, एका घरातून एकच. एका बाईने एकाच गटात राहायचं. आर्थिक स्थिती साधारण सारखी असावी. दहा एकर बागायत असलेली आणि बेदाण्याच्या शेडवर रोजाने जाणारी एका गटात आल्या की ठराव पहिलीचेच होतात.

बीपीएल यादीत नाव नाही म्हणून कुणाला मागे ठेवू नका. गरीब कुटुंबं कोणती हे गावातच, लोकांच्या सहभागाने ठरवायचं असतं. विधवा, परित्यक्ता, अपंग व्यक्तीचं घर, भूमिहीन अशी घरं आधी बघायची आणि प्रत्यक्षात तीच सुटतात, कारण बैठकीच्या वेळी ती बाई रानात असते. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवली की त्या येतात.

सावध: फायनान्सचा गट म्हणजे बचत गट नव्हे. कंपनीचा माणूस पाच-दहा जणींना एकत्र बसवतो, एकमेकींना जामीन करतो आणि दर आठवड्याला वसुलीला येतो. तिथे बचत नसते, वही नसते, गटाची पुंजी नसते, असतं ते फक्त प्रत्येकीच्या नावावरचं कर्ज. "आमचा गट आहे की" असं कुणी म्हणालं तर विचारा, पासबुक कुणाच्या नावाचं आहे?

भिशीही वेगळी. भिशीत पैसे फिरून संपतात, गटात ते साठत जायला हवेत.

## टप्पा ३: नाव, ठराव, खातं

पहिल्या बैठकीत गटाचं नाव, बचतीची रक्कम, बैठकीचा वार, दंड आणि अंतर्गत कर्जाचा व्याजदर ठरवून इतिवृत्तात लिहा. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष निवडा. बचतीची रक्कम सगळ्यांत गरीब सभासदाला पावसाळ्यातही जमेल तेवढीच ठेवा.

खातं उघडताना शाखा सगळ्या सभासदांचे कागद मागते आणि इथेच दोन महिने जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची ओळख-पडताळणी पुरते. बाकीच्यांची कर्जाच्या वेळी करता येते. हे नम्रपणे सांगा, "साहेब, नियमात पदाधिकाऱ्यांचंच पुरेसं आहे, एकदा बघता का?" बहुतेक वेळा काम होतं.

सावध: पैसे काढायच्या स्लिपवर कोऱ्या सह्या करून ठेवू नका. "सारखं कोण बँकेत येणार" म्हणून दोघींच्या सह्यांची पाच-सहा स्लिपं एकीच्या पिशवीत असतात. गट बुडायची सुरुवात तिथून होते.

## टप्पा ४: सहा महिने वहीचे

कर्जासाठी गट किमान सहा महिने चालू असावा लागतो. हे सहा महिने वहीवरून मोजतात, खातं उघडल्याच्या तारखेवरून नाही. खात्याला उशीर झाला तरी बैठका आणि नोंदी पहिल्या दिवसापासून असतील तर ते महिने धरले जातात. शाखेत हे सांगावं लागतं.

या काळात पंचसूत्री पाळायची: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. पहिल्या दोन सगळ्यांना जमतात. गाडी तिसऱ्यावर अडते.

अंतर्गत कर्ज न देणं ही सगळ्यांत मोठी चूक. गटाला वाटतं, पैसे बँकेत साठले की बँक खूश होईल. उलट आहे. बँक बघते ती पैसे फिरवायची सवय. बचतीतून हजार-दोन हजार दिले, दवाखान्याला, पोराच्या फीला, बियाण्याला, ते व्याजासकट परत आले, पुन्हा दुसरीला दिले, ही नोंद हवी. सहा महिन्यांत एकही अंतर्गत कर्ज नसलेल्या गटाला गुण कमी मिळतात आणि ते बरोबरच आहे. दोन हजारांची परतफेड अंगवळणी पडली नसेल तर दोन लाखांची कशी पडणार?

दुसरी चूक, दिवाळीचं वाटप. वर्षभराची बचत दिवाळीला वाटून घेतात आणि पाडव्यापासून नव्याने सुरू करतात. पैसे हातात आल्याचं समाधान मोठं असतं, मी ते नाकारत नाही. पण गटाची पुंजी शून्यावर येते आणि बँक कर्ज पुंजीच्या पटीत देते. सणाला पैसे हवे असतील तर त्याची वेगळी भिशी चालवा, गटाची बचत मोडू नका.

तिसरी, एका रात्रीत लिहिलेली वही. तपासणी आहे म्हटल्यावर आदल्या रात्री सहा महिने लिहून काढतात. उघडताक्षणी कळतं: एकच शाई, एकच हात, सगळ्या बैठकांना शंभर टक्के हजेरी आणि कुठेही खाडाखोड नाही. खऱ्या वहीत कुणी गैरहजर असतं, दहा रुपये दंड असतो, कुठे चुकून लिहिलेलं आडवी रेघ मारून दुरुस्त केलेलं असतं आणि बाजूला सही असते. खाडाखोडीला घाबरू नका, बनवलेल्या नोंदीला घाबरा.

वह्या कोणत्या: हजेरी आणि इतिवृत्त, रोखवही, बचत-कर्ज खातेवही, आणि प्रत्येकीचं पासबुक. पासबुक सभासदाच्या घरी हवं, सचिवाच्या ट्रंकेत नव्हे. लिहिता न येणाऱ्या बाईचं पासबुक बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायचं.

### दर महिन्याचा ताळा

एक समजण्यापुरतं उदाहरण. अकरा जणी, दोनशे रुपये बचत, सहा महिने:

- बचत: १३,२००
- अंतर्गत कर्जावरचं व्याज: ६४०
- दंड: ६०
- फिरता निधी (अभियानाकडून मिळणारा, टप्पा ५ बघा): ३०,०००
- वजा वह्या, शिक्का यांचा खर्च: ४००
- गटाची पुंजी: ४३,५००

आता हे पैसे आहेत कुठे ते बघा:

- सभासदांकडे येणे कर्ज: ३८,०००
- बँकेत: ४,९००
- पेटीत: ६००
- एकूण: ४३,५००

दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय बैठक उठवायची नाही. दहा रुपयांचा फरक आला तरी तो त्याच दिवशी शोधा. पुढच्या महिन्यात तो सापडत नाही.

## टप्पा ५: फिरता निधी आला, पुढे?

तीन ते सहा महिने पंचसूत्री पाळलेल्या गटाला अभियानाकडून फिरता निधी मिळतो. २०२३ मध्ये राज्याने तो १५,००० वरून ३०,००० रुपये केला. तो परत करायचा नसतो, म्हणून बायकांना वाटतं की वाटून घेतला तरी चालतो. नाही चालत. अकरा जणींनी सत्तावीसशे-सत्तावीसशे घेतले की कुणाचंच काम होत नाही आणि निधी फिरायचा थांबतो. ज्यांची गरज मोठी त्या तिघी-चौघींना कर्ज म्हणून द्या, व्याज लावा, आलं की पुढच्यांना.

यानंतर ग्रामसंघाकडून समुदाय गुंतवणूक निधी मिळतो. तो गटाला परत करायचा असतो. परत आलेला पैसा गावातल्याच दुसऱ्या गटाला जातो. हा थकवला की शेजारच्या आळीतल्या बायकांचं अडतं.

## टप्पा ६: मायक्रो प्लॅन खरा करा

निधी असो वा बँकेचं कर्ज, मागणीसोबत सूक्ष्म पतपुरवठा आराखडा लागतो. सगळे त्याला मायक्रो प्लॅनच म्हणतात. तो नुसता भरून टाकायचा कागद समजला जातो: अकरा नावं, सगळ्यांपुढे "शेळीपालन", सगळ्यांना समान रक्कम. हा प्लॅन मंजूर होतो, पण पैसे आल्यावर त्याचा काही उपयोग नसतो.

खरा प्लॅन असा करायचा. एक पूर्ण बैठक फक्त यासाठी ठेवा. टप्पा १ मधली यादी प्रत्येकीने बरोबर आणावी. मग प्रत्येकीला तीन प्रश्न:

1. तुझ्या घरातला सगळ्यांत महागडा पैसा कोणता?
2. हातातलं कुठलं काम थोड्या भांडवलाने वाढेल?
3. तुझ्या घरात पैसा कुठल्या महिन्यात येतो आणि कुठल्या महिन्यात अजिबात नसतो?

तिसरा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार मोलाचा आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागात द्राक्षाचं काम ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरू होतं, जानेवारी ते एप्रिल तोडणी आणि बेदाण्याची शेडं. वाळवा-पलूसकडे ऊसतोड साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे हातात रोख असते ती हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत. जून उजाडला की शाळेची फी, वह्या-पुस्तकं, पेरणी, आणि रोजगार मंदावलेला. मग जुलै-ऑगस्टला हप्ते थकतात आणि शाखेला वाटतं गट बिघडला. त्यात बाईचा दोष नाही, प्लॅन करताना कॅलेंडर कुणी बघितलं नाही एवढंच. उपाय साधा आहे: फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हप्ते जादा भरून ठेवायचे आणि तसं प्लॅनमध्ये लिहायचं.

रक्कम समान वाटू नका. एकीला आठ हजार पुरतात, एकीला चाळीस लागतात, एकीला या वेळी काहीच नको. ज्यांना नको त्यांनाही "घ्या की, व्याज कमी आहे" म्हणून गळ्यात मारलं जातं. मग ते पैसे एखादीच्या नवऱ्याच्या गाडीच्या डाउनपेमेंटला जातात आणि सही मात्र अकरा जणींची.

पडताळा: प्लॅनमधलं कुठलंही एक नाव निवडा आणि त्या बाईला विचारा, "ताई, तुमच्या नावावर किती लिहिलंय आणि कशासाठी?" तिला सांगता आलं नाही तर प्लॅन पुन्हा करा.

## टप्पा ७: बँकेत

फाइलमध्ये काय: कर्जाचा अर्ज, कर्ज घेण्याचा ठराव सगळ्यांच्या सह्यांसह, मायक्रो प्लॅन, वह्यांच्या प्रती, पासबुक, सभासदांचे आधार आणि फोटो, गट आणि बँक यांच्यातला करारनामा. मूळ वह्या बरोबर न्या, पण शाखेत ठेवून येऊ नका.

नियम काय सांगतात ते पदाधिकाऱ्यांना तोंडपाठ हवं:

- पहिलं कर्ज पुंजीच्या सहापट किंवा १.५ लाख, यांतलं जे जास्त ते. वरच्या उदाहरणात ४३,५०० ची सहापट म्हणजे २,६१,०००.
- पुंजीत फक्त बँकेतली शिल्लक धरत नाहीत. सभासदांकडे कर्जाऊ असलेली बचत, व्याज, फिरता निधी, सगळं धरायचं. शाखेत नुसत्या ४,९०० च्या शिल्लकेकडे बोट दाखवलं तर ताळ्याचा कागद पुढे ठेवा.
- दहा लाखांपर्यंत तारण नाही, बचत खात्यावर बोजा नाही, मुदत ठेवीची अट नाही.
- एखाद्या सभासदाचं वा तिच्या घरच्यांचं जुनं कर्ज थकलंय म्हणून आख्ख्या गटाला साधारणपणे नाकारता येत नाही, गट स्वतः थकबाकीदार नसेल तर. मात्र बँकेच्या थकबाकीदार सभासदाला या कर्जातून पैसे देता येत नाहीत.
- तीन लाखांपर्यंत व्याज ७ टक्के.

हे सगळं असलं तरी एक सांगते: बँक २,६१,००० देते म्हणून तेवढे घेऊ नका. मायक्रो प्लॅनची बेरीज १,४०,००० आली असेल तर तेवढेच घ्या.

नकार मिळाला तर शाखेत आवाज चढवून काही होत नाही. अर्ज देतानाच प्रतीवर पोच आणि तारीख घ्या. कारण लेखी मागा. आधी बँक सखी आणि तालुका कक्षाला सांगा, ते विषय तालुक्याच्या बँकर्स समितीत नेऊ शकतात. तिथे नाही सुटलं तर अग्रणी जिल्हा व्यवस्थापक. सांगलीची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारी बँक, ही बँक ऑफ इंडिया. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा क्रमांक १४४४८. पोच नसेल तर यातलं काहीच करता येत नाही.

## टप्पा ८: पहिल्या कर्जातून आधी महागडं देणं फेडा

इथे माझं मत ठाम आहे. पहिलं कर्ज धंद्याला नाही, सुटकेला वापरा. महिन्याला पाच टक्के भरणाऱ्या घरात कुठलाही धंदा त्या व्याजाच्या वेगाने कमवत नाही. आणि हे नियमात बसतं: महागडं कर्ज फेडणं हा या कर्जाचा मान्य उपयोग आहे, तसंच घरदुरुस्ती आणि शौचालयही. दोन लाखांवरच्या कर्जात मात्र किमान निम्मी रक्कम उत्पन्नाच्या कामाला लागायला हवी.

फेडताना क्रम:

1. महिन्याच्या व्याजाचा सावकार आधी. पैसे देताना गटातली एक जण बरोबर न्या. लिहून दिलेली चिठ्ठी, कोरा चेक, स्टॅम्प पेपर हातात आल्यावरच रक्कम द्या, नंतर "शोधून देतो" वर विश्वास ठेवू नका.
2. मग फायनान्स. सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही. खातं बंद झाल्याचा लेखी दाखला घ्या. वसुलीचा माणूस सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करून त्रास देऊ शकत नाही.
3. सोनेतारण शेवटी, लिलावाची नोटीस आली नसेल तर.

परवानाधारक सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर आणि शेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. परवाना नसलेली सावकारी २०१४ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायची. जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. एकटीने तक्रार करणं अवघड असतं, ग्रामसंघाच्या ठरावाने केली की अर्जाला वजन येतं.

पडताळा: फेडल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा टप्पा १ ची यादी करा. सावकार परत यादीत दिसला तर हे नवं कर्ज का घ्यावं लागलं ते आधी शोधा. बहुतेक वेळा कारण आजारपण असतं. म्हणून याच टप्प्यावर दवाखान्याच्या खर्चासाठी आयुष्मान कार्डाचं बघून घ्या, आणि वयाच्या अटीत बसणाऱ्या प्रत्येकीचे दोन विमेही काढून टाका: वर्षाला २० रुपयांत अपघाताचा दोन लाखांचा आणि ४३६ रुपयांत जीवनज्योतीचा (आयुर्विमा) दोन लाखांचा. बँक खात्यातून परस्पर कापले जातात.

## टप्पा ९: धंदा, गिऱ्हाइकापासून उलटा

आता कमाई. यंत्र घ्यायच्या आधी, प्रशिक्षणाच्याही आधी, गिऱ्हाईक. पहिले दहा जण कोण, ते किती घेतील, पुन्हा कधी घेतील? नावानिशी लिहा. "सगळ्यांनाच लागतात पापड" हे उत्तर नव्हे, कारण सगळ्यांच्या घरी उन्हाळ्यात पापड होतातच. त्याउलट आठवडी बाजारात दर वेळी लागणारी चटणी, मिरजेच्या दवाखान्यांसमोर पेशंटच्या नातेवाइकांना लागणारे डबे, शेडवरच्या मजुरांना सकाळी लागणारी भाकरी, यांना गिऱ्हाईक बारा महिने किंवा निदान हंगामभर ठरलेलं असतं.

गटातल्या सगळ्यांनी एकच धंदा करायचा हट्ट सोडा. कर्ज गटाचं, धंदा जिचा तिचा. एकत्र धंदा तेव्हाच, जेव्हा कामाची वाटणी आणि मजुरी आधी लिहून ठेवलेली असेल.

किंमत काढताना आपली मजुरी धरत नाहीत. शेंगदाण्याच्या चटणीचं समजा: एक किलो मालाला शेंगदाणे १४०, तिखट-लसूण-मीठ ४०, पुडे आणि लेबल २०, गॅस आणि दळण १०. बाई म्हणते खर्च २१०, विकते २६० ला, पन्नास सुटले. तिचे दोन तास गेले. शेतात त्या दोन तासांचे ८० रुपये मिळाले असते. म्हणजे खरा खर्च २९०, आणि प्रत्येक किलोमागे तीस रुपये अंगावर. चवीला वाटलेला आणि न खपलेला माल तर अजून धरलाच नाही. हा हिशेब केल्यावर दर वाढवायचा, की पुडा लहान करायचा, की हे काम सोडायचं, ते ठरवता येतं.

शेळ्या घेणाऱ्यांनी चाऱ्याचं आधी बघा. जत-आटपाडीकडे भर उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागतो, तेव्हा कळप वाढवू नका. एकदम दहा घेण्यापेक्षा दोन घेऊन एक वेत बघा. विमा आणि लसीकरण खरेदीच्याच आठवड्यात. कानातला बिल्ला सांभाळा, नाहीतर विम्याचा दावा अडतो.

प्रशिक्षण मोफत मिळतं, अग्रणी बँकेच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत), राहणं-जेवण धरून. नाव तालुका कक्षातून किंवा थेट तिथे देता येतं, आणि शिकून आल्यावर दोन वर्षं ते पाठपुरावाही करतात. पण गिऱ्हाईक न ठरवता शिवणकाम शिकून आलेली, मशीन झाकून ठेवलेली घरं मी बरीच बघते. शिकायला जाताना पहिली ऑर्डर ठरवून जा.

कागद दोनच, आणि दोन्ही एजंटाशिवाय होतात. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) आधारवर, पूर्ण मोफत. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी, छोट्या घरगुती उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही. खाद्यप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सभासदाला सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. ते संघामार्फत कर्ज म्हणून मिळतं. अर्ज घेणं चालू आहे का हे तालुका कक्षात विचारून मगच कागद गोळा करा.

प्रदर्शनांवर विसंबू नका. सरस प्रदर्शनात चार दिवस चांगली विक्री होते, पण घर चालतं ते गावातल्या आणि तालुक्यातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकावर.

## टप्पा १०: हप्ता, आणि दुसरं कर्ज

पहिलं कर्ज साधारण २४ ते ३६ महिन्यांत फेडायचं असतं. हप्ता बैठकीत, सगळ्यांसमोर गोळा करा, पावती वहीला चिकटवा. खातं कॅश क्रेडिटचं असेल तर एक समजून घ्या: जेवढे उचलाल तेवढ्यावरच व्याज, आणि भरलेले पैसे पुन्हा उचलता येतात. तरीही पहिल्याच दिवशी सगळी मर्यादा उचलणारे गट आहेत. मग पुढे अडचण आली की खात्यात काहीच नसतं.

एखादीचा हप्ता चुकला तर त्याच आठवड्यात दोघींनी तिच्या घरी जा. बाकीच्यांनी तात्पुरते भरले तर ते तिच्या नावावर कर्ज म्हणून वहीत लिहा, उपकार म्हणून तोंडी ठेवू नका. नाव चव्हाट्यावर आणणं, दारात बसणं हे वसुलीवाल्यांचे प्रकार गटात आणायचे नाहीत. आजारपण किंवा मृत्यू असेल तर ग्रामसंघाकडे लगेच मुदतवाढीचं बोला, आणि मृत्यू असेल तर विम्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत पुढे सरकवा.

दुसऱ्या वेळी पुंजीच्या आठपट किंवा तीन लाख, जे जास्त ते, मागता येतं. मागण्याआधी बैठकीत चार गोष्टी ठरावात लिहा: पहिल्या कर्जातून किती जणींचा सावकार सुटला, किती जणींची महिन्याची कमाई वाढली आणि किती, थकलेले हप्ते किती, पुंजी आता किती. ही चार उत्तरं वहीतून निघाली पाहिजेत, आठवणीतून नव्हे. शाखेचा अधिकारी बदलला तरी हा एक कागद पुढे केला की नव्याने सगळं सांगत बसावं लागत नाही.

आणि पदाधिकारी ठरल्या मुदतीने बदला. जुन्या सचिवाने नव्या सचिवाला वह्या देताना ताळा जुळवून, शिल्लक मोजून, दोघींच्या सह्या घेऊनच द्याव्यात. बँकेत सह्यांचे नमुने त्याच आठवड्यात बदलून घ्या आणि जुन्या सह्यांची एकही स्लिप शिल्लक नाही हे बघा.